ओव्हरऑल साडेसहा, रायटिंग साडेपाच. ह्या इंग्रजीच्या परीक्षा नेमकं मोजतात तरी काय?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायलो कारण डोकं फिरलंय.

मी गंगाखेड तालुक्यातला, बीएस्सी नांदेड विद्यापीठाच्या हद्दीतल्या एका कॉलेजातून. मास्टर्सला बाहेर जायचं म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली, प्रत्येक भाग ९ पैकी. लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६. सरासरी सव्वासहा, ती वर सरकून ओव्हरऑल साडेसहा. घरी पेढे वाटले. मग रात्री विद्यापीठाची अट नीट वाचली तर ओव्हरऑल साडेसहा पाहिजे हे खरं, पण कुठल्याच भागात ६ च्या खाली चालत नाही. पेढे वाटून झाल्यावर हे कळलं, आईला अजून सांगितलं नाही.

रडगाणं गायचं नाही मला. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. राज्यानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं त्याच्यानंतरची आमची पिढी, म्हणजे पहिली ते बारावी आणि वर कॉलेजातलं कंपल्सरी इंग्लिश, एवढ्या वर्षांत माझं इंग्रजी कुणी ऐकून घेतलं नव्हतं. एकदाबी नाही. बारावीला तोंडी आणि प्रोजेक्ट मिळून २० मार्क असतात, आमच्या इथं सरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, जा म्हणले. मार्क १९. त्यामुळं स्पीकिंगच्या खोलीत बसलो आणि समोरची बाई शांतपणे माझ्याकडं बघत ऐकायलीय हे बघूनच मी गडबडलो. १४ मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी १४ मिनिटं माझं इंग्रजी ऐकलं, आणि त्याच्यासाठी मी सतरा-अठरा हजार मोजले.

तुम्ही लोकांनी ज्या काय परीक्षा दिल्या असतील, आयईएलटीएस, टोफेल, पीटीई, कंपनीच्या, त्याबद्दल तुमचं खरं मत सांगा. क्लासवाल्यांची जाहिरात नको.

लातूरकर_९७

भावा आधी सतरा हजाराचं बोल. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. म्हणजे हमीभावानं गेलं तरी साडेतीन क्विंटल सोयाबीन एका परीक्षेत, आणि मोंढ्यात काय भाव मिळाला ते आपल्याला माहितीच आहे. आणि निकाल चालतो फक्त २ वर्षं. दोन वर्षांत काय माझं इंग्रजी पुसलं जातंय का? डिग्रीला एक्स्पायरी नाही, ह्याला आहे.

बाकी मी आपला लातूर पॅटर्न लावला. रोज एक पेपर, घड्याळ लावून, चुकलेला प्रश्न वहीत, दोन महिने. रीडिंग ५.५ वरून ७.५ वर गेलं. इंग्रजी वाढलं का म्हणशील तर नाही, पेपर कळला. ४० प्रश्न ६० मिनिटं, तीन उतारे, शेवटचा उतारा जड असतो म्हणून पहिले दोन चाळीस मिनिटांच्या आत उरकायचे, हे कळायलाच पंधरा पेपर गेले.

सगळ्यात जास्त रडवलं ते ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हननं. म्हणजे बघा, उताऱ्यात लिहिलंय गावात दोन विहिरी आहेत. खाली वाक्य, गावात पाण्याची टंचाई आहे. आपण मराठवाड्यातली माणसं, डोळे झाकून ट्रू. उत्तर काय? नॉट गिव्हन. कारण उताऱ्यात टंचाईबद्दल काहीच म्हटलेलं नाही, ती तुमच्या डोक्यात आहे. माझे निम्मे मार्क मी स्वतःच्या सामान्यज्ञानानं घालवले.

साधा_माणूस

दोन विहिरी असून टंचाई नाही म्हणणारा पेपर काढणारा आपल्याकडचा नसणार हे नक्की 😂

खडूफळा

मी इंग्रजीच शिकवतो, ग्रामीण भागातल्या सीनियर कॉलेजला, जिल्हा सांगत नाही. मूळ पोस्टमधल्या तोंडी परीक्षेचं वर्णन वाचून ओशाळलो, कारण आम्हीही तेच करतो. एका वर्गात १२० पोरं, तोंडीला एक दिवस. प्रत्येकाला १४ मिनिटं दिली तर २८ तास लागतात, हिशोब करून बघा. मग नाव-गाव विचारून मार्क द्यायचे. हे समर्थन नाही, घडतं कसं ते सांगतोय.

गोदाकाठ, आता तुमच्या साडेपाचाबद्दल. टास्क २ चा निबंध तुम्ही कसा सुरू केला होता ते प्रामाणिकपणे सांगा. "इन धिस मॉडर्न एरा"?

गोदाकाठ

सर तुम्ही माझा पेपर तपासला काय 🙏 "इन धिस मॉडर्न एरा ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी" असं होतं. आणि शेवट "एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स."

खडूफळा

वाटलंच. हा दोष तुमचा नाही, आम्ही दहावीपासून हेच घोटून घेतो. आमच्याकडं निबंध म्हणजे सुरुवात पाठ, शेवट पाठ, मध्ये विषयाप्रमाणं दोन सुविचार. तपासणारा मीच, त्यामुळं मला काय येणार ते पोराला माहीत आणि पोरगं काय लिहिणार ते मला माहीत. तिथं मात्र चार गोष्टी सारख्या वजनानं बघतात. विचारलं त्याचं उत्तर दिलं का, मुद्द्याला मुद्दा लागून येतो का, शब्द किती आणि कसे वापरले, व्याकरण. पाठ केलेली ओळ ह्यातल्या कशातच बसत नाही, आणि तपासणाऱ्यानं ती दिवसातून चाळीस वेळा वाचलेली असते.

अजून एक, बहुतेक पोरं टास्क १ चा तक्ता नाहीतर आलेख रंगवण्यात अर्धा तास घालवतात. त्याला १५० शब्द पुरे, २० मिनिटं. टास्क २ ला २५० शब्द आणि त्याचं वजन दुप्पट. आधी टास्क २ लिहिला तरी चालतं, कुणी अडवत नाही.

आणि पूर्ण परीक्षा परत देऊ नका. कॉम्प्युटरवर दिली असेल तर एकच भाग परत देता येतो, वन स्किल रिटेक म्हणतात, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत आणि एकदाच. फक्त तुमचं विद्यापीठ तो निकाल मानतं का ते आधी मेल करून विचारा, सगळे मानत नाहीत.

गोदाकाठ

हे मला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. क्लासवाल्यानं "फुल परत द्या, डिस्काउंट देतो" म्हणून सांगितलं. कॉम्प्युटरवरच दिली होती. आज १९ वा दिवस आहे.

कळंबची_लेक

मी बाहेर बिहेर नाही गेले, पुण्यात नोकरीला आहे, पण इंग्रजीच्या परीक्षेनं मलाबी रडवलंय म्हणून लिहिते.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कंपन्यांच्या ह्या बोलायच्या टेस्ट असतात. समोर माणूस नसतो, मशीन असतं. ते वाक्य म्हणतं, आपण जसंच्या तसं परत म्हणायचं. मग एक गोष्ट ऐकवतं, ती आपल्या शब्दांत सांगायची. हॉस्टेलवर खोलीत आम्ही तिघी, बाहेर जिन्यात कायम कुणीतरी भांडायलेलं, म्हणून मी डोक्यावरून गोधडी घेऊन टेस्ट दिली. मे महिना. घामानं फोन गालाला चिकटला होता. वाक्य लांब आलं की पहिला अर्धा आठवतो, दुसरा अर्धा म्हणेपर्यंत पुढचं वाक्य सुरू, मशीनला काय दम लागत नाही. दोन कंपन्यांत ह्यातच उडाले, तांत्रिक मुलाखतीपर्यंत पोचलेच नाही. तिसऱ्यांदा पास.

पण एक सांगू का, सगळे मशीनला शिव्या देतात, मी नाही देत. कॉलेजात एक मॅडम माझं "व्ह" आणि "व" ऐकून हसायच्या, वर्गासमोर. मशीन हसलं नाही. मशीननं आडनाव विचारलं नाही, कुठल्या मीडियमची विचारलं नाही, पायात काय घातलंय बघितलं नाही. ४२ मार्क दिले, गप बसलं. मला ते बरं वाटलं.

लातूरकर_९७

ताई पण मशीनला आपला मराठी हेल समजतो का? मित्रानं पीटीई दिली, ती तेव्हा पूर्ण कॉम्प्युटरच तपासायचा म्हणला, १० ते ९० गुण असतात. तो म्हणला की बाळा थांबलास की मेलास, चुकीचं बोल पण अडखळू नको. ही भाषेची परीक्षा झाली का रेडिओ जॉकीची?

कळंबची_लेक

दादा हेल समजतो, अडखळणं समजत नाही. आपण विचार करायला थांबतो, त्याला वाटतं हिला येत नाही. मराठीतसुद्धा मी थांबूनच बोलते, आता काय करणार.

पैठणगेट

अस्सलाम वालेकुम, नमस्कार. मी औरंगाबादचा, आता छत्रपती संभाजीनगर लिहितात. दहावीपर्यंत उर्दू मीडियम, पुढं सगळं इंग्रजीत, विद्यापीठ डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा. मराठी चुकलं तर माफ करा.

आमच्या मोहल्ल्यात समज होता की उर्दूवाल्याला इंग्रजी येणारच नाही. स्पीकिंगला गेलो तर उलटंच झालं. फ, झ, हे आवाज आमच्या तोंडात लहानपणापासून बसलेले, त्यामुळं उच्चारात काही अडलं नाही. अडलं ते लिसनिंगमध्ये. ऑडिओ एकदाच वाजतो, आणि बाई फोन नंबर सांगते "डबल फाइव्ह, ओ, थ्री". मी ओ लिहिलं, शून्य नाही. मग नकाशा येतो, राउंडअबाउट ओलांडून दुसऱ्या वळणाला डावीकडं. ते पण ठीक होतं, क्रांती चौकातून आपण कितीदा जातो, पण आपण रस्ता असा कुठं सांगतो? आपण सांगतो पुढं जा, पानटपरी दिसली की कुणालाही विचारा.

एक गोष्ट आमच्या दादांची. ते निजामाच्या काळात शिकले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, तिथं शिकायचं माध्यम उर्दू. त्यांच्यासोबत मराठी बोलणारी मुलं होती, ती सगळी उर्दूत परीक्षा द्यायची. दादा सांगायचे की परभणीकडचा एक मित्र उर्दू इतकं सुंदर लिहायचा पण बोलायला लाजायचा. मी निकाल दाखवायला गेलो, लिसनिंग ५.५, तर म्हणाले घाबरू नको, पूर्वी तुझ्या भाषेत तुझ्या दोस्ताचे दादा नापास व्हायचे, आता दोघं मिळून तिसऱ्याच भाषेत व्हा.

जुनाट

आमच्या वेळी पाचवीपासून एबीसीडी. तरी आमचं व्याकरण पक्कं. आजकालच्या मुलांना टेन्स येत नाहीत आणि चालले परदेशात.

साधा_माणूस

काका तुमचं व्याकरण पक्कं होतं तर एक इंग्रजी पोस्ट टाका ना, आम्ही १४ मिनिटं शांतपणे वाचतो.

कडबा_पेंडी

परभणी कृषी विद्यापीठ. मी २०२४ मध्ये टोफेल दिली, अमेरिकेतल्या एमएससाठी. आमचं सगळं शिक्षण इंग्रजीतच, रिसर्च पेपर वाचायची सवय, म्हणून रीडिंग म्हणजे गंमतच. आता ती परीक्षा दोन तासांच्या आत होते, २०२३ च्या जुलैत छोटी केली, आधीच्या लोकांचे हाल जास्त होते म्हणतात.

बोलायचं मात्र मायक्रोफोनपुढं. तेव्हा पहिल्या प्रश्नाला १५ सेकंद विचार करायला, ४५ सेकंद बोलायला असायचे. आणि हॉलमध्ये सगळे एकदमच बोलायलेत हो. डाव्या बाजूचा पोरगा गुजराती हेलात, उजवीकडची हैदराबादची, प्रत्येकजण कानावर हात ठेवून स्वतःच्या स्क्रीनला ओरडायलाय. बैलबाजार. मला त्या ४५ सेकंदांत डावीकडच्याचंच वाक्य सापडलं, तेच म्हणून टाकलं. स्पीकिंग ३० पैकी २१ आलं, माझं किती आणि त्याचं किती देव जाणे.

पण मला मूळ प्रश्नाबद्दल वेगळं वाटतं. आपल्या विद्यापीठाचा पेपर ठाऊक असतो, गाईड असतं, मागच्या पाच वर्षांचे प्रश्न असतात. ह्या परीक्षांचा राग येतो त्याचं एक कारण असं की इथं घोकंपट्टी सापडते. माझ्या रूममेटनं अख्खी ३० उत्तरं पाठ केली होती आणि परीक्षेत विषय जरा तिरका आला तर तो शेतीच्या प्रश्नावर ट्रॅफिकचं उत्तर देऊन आला. परीक्षेचं काय चुकलं ह्याच्यात?

लातूरकर_९७

परीक्षेचं चुकलं नाही पण परत द्यायला पैसा ज्याच्याकडं आहे तो तीनदा देतो आणि तिसऱ्यांदा ७ घेतो. आपल्याला एकदाच. मग बँड, म्हणजे आयईएलटीएसचे गुण, इंग्रजीचा का खिशाचा? समाजकल्याणच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला लागलेला आमचा एक दोस्त आहे, त्याचं म्हणणं असं की शिष्यवृत्तीला आधी ऑफर लेटर पाहिजे, ऑफर लेटरला बँड पाहिजे, आणि बँडला आधी सतरा हजार पाहिजेत. ज्याच्यासाठी शिष्यवृत्ती आहे त्याच्याकडंच ते नसतात.

बालाघाट

उशिरा आलो धाग्यावर. मी पाटोद्याकडचा, सध्या आयर्लंडमध्ये, मास्टर्स संपत आलं. दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून जरा लांबण लावतो.

स्पीकिंगला विषयाचं कार्ड देतात, माझ्या कार्डावर आला होता आवडता खाद्यपदार्थ आणि तो कधी खाता. एक मिनिट तयारी, दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. आता डोक्यात पिझ्झा वगैरे आणायचा तर मी आणला हुरडा. तिथंच फसलो. हुरड्याला इंग्रजीत काय? कोवळी ज्वारी, तर कोवळीला काय, आगटीला काय, गोवऱ्यांना काय. पहिली वीस सेकंद मी "इट इज अ काइंड ऑफ, काइंड ऑफ" करत बसलो. मग वैतागून सरळ म्हटलं, वुई कॉल इट हुरडा, आणि मग सांगत सुटलो की जानेवारीत सकाळी शेतात खड्डा करतात, शेणाच्या गोवऱ्या पेटवतात, कणसं आरावर भाजतात, काकू तळहातावर चोळून दाणे काढते, तिचे हात लाल होतात, आणि तिळाची चटणी गूळ ह्याच्याबरोबर गरम गरम खायचा, थंड झाला की मजा गेली. परीक्षकानं थांबवलं तेव्हा कळलं वेळ संपली. त्या भागात ७ आला. क्लासमध्ये मी सरावाला कायम "माय फेव्हरेट फूड इज पास्ता" बोलायचो आणि सर ५.५ द्यायचे. पास्ता मी तोपर्यंत खाल्लाच नव्हता.

आता इथं आल्यावरचं. ७ बँडवाला मी, पहिल्या आठवड्यात बसच्या ड्रायव्हरचं एक वाक्य कळलं नाही. तीनदा सॉरी म्हटलं, चौथ्यांदा लाजून नुसतं हसलो आणि चुकीच्या स्टॉपला उतरलो. परीक्षेतले आवाज स्वच्छ असतात, स्टुडिओतले. खरी माणसं शब्द खातात, आपल्यासारखीच. आणि २५० शब्दांच्या निबंधाचं म्हणाल तर इथं पहिलाच असाइनमेंट ३,००० शब्दांचा होता, त्यात संदर्भ कसे द्यायचे हे कुठल्याच बँडनं विचारलं नव्हतं. तरी लिसनिंगचा उपयोग झाला, लेक्चर चालू असताना कान आणि हात दोन्ही चालवायची सवय तिथं लागली. म्हणून मला ती परीक्षा फुकट गेली असं म्हणवत नाही. वर्गात माझ्यापेक्षा जास्त बँडवाले गप्प बसलेले बघितलेत आणि ६ वाला नांदेडचा एक पठ्ठ्या प्रोफेसरशी वाद घालताना पण बघितलाय.

खडूफळा

बालाघाट, हुरड्याचं उदाहरण मी वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरतो. शब्द आला नाही तर तो वळसा घालून समजावता येणं ह्याला तिथं गुण आहेत, बऱ्याच पोरांना वाटतं अडलो म्हणजे मेलो.

दुसरं, ज्यांना खर्च वाचवायचा आहे त्यांनी आधी विद्यापीठाच्या साइटवर बघा. काही ब्रिटिश विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे मार्क बघून परीक्षा माफ करतात, बोर्ड कुठलं आणि टक्के किती हे बघतात. काही ठिकाणी कॉलेजचं माध्यमाचं पत्र चालतं, शिक्षण इंग्रजीतून झाल्याचं. सगळीकडं नाही.

कळंबची_लेक

ते माध्यमाचं पत्र माझ्या मैत्रिणीनं काढलं. क्लार्क म्हणला फॉरमॅट आणा. हिनं टाइप करून नेलं तर म्हणला इंग्रजी बरोबर आहे का बघून घ्या, मला त्यातलं काय कळत नाही. आणि त्याच्यावर शिक्का मारला की इथलं माध्यम इंग्रजी आहे.

साधा_माणूस

मेलो 😂😂

पैठणगेट

खडूफळा सर, एक प्रश्न. तुमच्या १२० मुलांचं काय करता येईल? म्हणजे खरंच विचारतोय, माझी लहान बहीण अकरावीला आहे.

खडूफळा

ह्या वर्षी एक करून बघतोय. तोंडीच्या एका दिवसाऐवजी जूनपासून रोज तासाला दोघं. पाच मिनिटं, विषय त्यांचाच, मी मध्ये बोलायचं नाही आणि कुणी हसायचं नाही. पहिल्या दिवशी एका पोरीनं शेळ्यांबद्दल बोलली, चार वाक्यं झाली आणि रडायला लागली. मी काही बोललो नाही, वर्गपण बोलला नाही. मग तिनं अजून दोन वाक्यं बोलली. आत्तापर्यंत ३१ झाले. ऑक्टोबरपर्यंत सगळे होतील असं वाटत नाही, मध्ये निवडणुकीची ड्यूटी लागली तर बोंबललंच.

गोदाकाठ

अपडेट देतो. विद्यापीठानं मेलला उत्तर दिलं, रिटेकचा निकाल चालतो म्हणाले. रायटिंगची तारीख घेतली, पुणे सेंटर, ४४ वा दिवस. सर, पहिला निबंध तुम्हाला व्यनि केलाय. मॉडर्न एरा काढलंय, कॉइन काढलंय, आता सुरुवात काय करावी तेच सुचंना म्हणून तीन वेळा खोडलंय. आईला पण सांगितलं. ती म्हणली पेढ्याचे पैसे वसूल होतात का आता.

सकाळी ९ ला पोचायचंय, गंगाखेडवरून रात्रीच्या पनवेल गाडीनं गेलं तर जमंल ना?

लातूरकर_९७

गाडी वेळेवर पोचते हे विधान : नॉट गिव्हन.

खडूफळा

एक दिवस आधी निघा. निबंध वाचला, दुसरा परिच्छेद चांगला आहे, तिथूनच सुरू करा, पहिला उडवून टाका.